संबळाला अंघोळ घालू नये

मित्रांनो, मी एक जुना संबळ आहे. किती जुना, हा प्रश्न जरा अवघड आहे. माझी तांब्याची दोन भांडी पूर्णेच्या एका तांबटाने घडवली, त्याला पन्नास वर्षं झाली. पण भांड्यांवरचं चामडं आजवर अकरा वेळा बदललं. दोऱ्या किती बदलल्या ते दोऱ्यांनाच ठाऊक. हिशोबाने बघितलं तर माझं पोट पन्नास वर्षांचं आहे आणि तोंड तीन वर्षांचं.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. मी म्हणजे शेजारी शेजारी बांधलेले दोन लहान नगारे. एक थोरला, एक धाकटा. वाजवणारा आम्हाला कमरेला बांधतो आणि दोन काड्यांनी वाजवतो. थोरला घुमतो, धाकटा कडकडतो. दोघांचं आजवर कधी एकमत झालेलं नाही. लोक त्यालाच ताल म्हणतात.

माझे मालक भुजंगबुवा गोंधळी. घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा, अशी आपल्याकडे पद्धत. ताडकळस, पेडगाव, पूर्णा, कुठलंही गाव घ्या, तिथल्या निम्म्या संसारांच्या सुरुवातीला मी हजर होतो. पुढे ते कसे चालले याची जबाबदारी माझी नाही. मान मात्र पुष्कळ मिळाला. पेडगावच्या एका लग्नात नवरदेवाचे आजोबा इतके खूश झाले की फेटा भुजंगबुवांना न बांधता त्यांनी तो मलाच बांधला. पुढचा अर्धा तास मी फेट्याच्या आतून वाजलो. कोणाला काही ऐकू आलं नाही, पण सगळे वा वा म्हणाले.

मग डीजे आला. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. बोललो तरी तो शेजारी असताना कोणाला ऐकू येत नाही. गोंधळाची बोलावणी कमी झाली, भुजंगबुवांचा उजवा खांदा दुखू लागला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे एक बंद पडलेला कूलर होता, तुरीच्या बियाण्याचं एक पोतं होतं आणि एक मांजर होतं. मांजराने माझ्या आडोशाला दोनदा पिल्लं घातली. मी दोन्ही वेळा वाजलो नाही. बाळंतिणीच्या उशाशी शांत राहावं, एवढं मला कळतं.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस हायवेवरच्या एका हॉटेलचा मालक घरी आला. त्याला हॉटेलात जुन्या वस्तू टांगायच्या होत्या. त्याने मला उलटं धरून आत बघितलं आणि बेत सांगितला. चामडं काढायचं, पोटात बल्ब लावायचा आणि हात धुवायच्या बेसिनवर मला लटकवायचं. भुजंगबुवांनी दुखरा खांदा चोळला. मग म्हणाले, "माळ्यावर मांजर बघतंय. तिथं माणसं तरी बघतील." महिन्याभराने सोमवारी घेऊन जा, असं ठरलं.

मित्रांनो, पन्नास वर्षं देवीसमोर उभं राहिल्यावर पुढची पन्नास वर्षं लोकांच्या गुळण्या ऐकायच्या, हा विचार मला सोसवेना. पण संबळाला कोणी वाजवल्याशिवाय बोलता येत नाही. माझ्या वतीने बोलली ती रेणुका.

रेणुका ही भुजंगबुवांची मुलगी. वय पंचवीस. ताडकळसला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवते. तिने वडिलांना सांगितलं, की त्याआधीचा एवढा एक शनिवार जाऊ द्या. शाळेतल्या पोरांना गोंधळ, भारूड, पोवाडा, सगळं फुकट शिकवायचं, यासाठी ती सहा महिन्यांपासून एक संस्था उभी करत होती. कागद सगळे झाले होते. फक्त शाळेचा एक वर्ग दर शनिवारी शाळा सुटल्यावर मिळायला हवा होता. तो मिळाला तर मी शाळेत जाणार. नाही मिळाला तर बेसिनवर. रेणुकाचं म्हणाल, तर संबळ गेल्यावर ती शिकवणार तरी कशावर? कीबोर्डवर गोंधळ घालता येत नाही. तिने करून बघितला होता.

संस्था काढणं हे काही सोपं काम नाही. आधी नाव लागतं. रेणुकाने दिलेली पहिली चार नावं दुसऱ्या कोणीतरी घेऊन ठेवली होती. पाचव्या वेळी तिने वैतागून 'संबळ वाजलाच पाहिजे बालकला संस्था' असं लिहून दिलं. हे नाव मात्र कोणाकडे नव्हतं. मग सात सदस्य लागतात. रेणुका आणि भुजंगबुवा हे दोन. किराणा दुकानवाले चंद्रप्पा आणि त्यांच्या पत्नी चन्नबसम्मा, हे चार. शाळेतल्या धम्मशीला मॅडम पाच. शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या सुलाबाई सहा. सातवा काही मिळेना. तेव्हा सगळ्यांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स काढत बसलेल्या मुंजाजीला सांगितलं, की तुझीपण एक काढ. त्याने काढली. अशा रीतीने मुंजाजी झेरॉक्सवाला लोककलेच्या सेवेत आला.

मला माळ्यावरून खाली काढलं आणि पोरांची तयारी महिनाभर आमच्या अंगणात चालली. भक्ती गाणार होती. तिचा आवाज असा की पलीकडच्या शेतातला बैल नांगरासकट उभा राहायचा. मला वाजवणार होती अर्पिता, इयत्ता सहावी. मी तिला जड. मला कमरेला बांधलं की ती पुढे झुकायची. म्हणून चंद्रप्पांचा नातू महांतेश तिच्या पाठीवरचं भरलेलं दप्तर मागून ओढून धरायचा, म्हणजे तोल बरोबर राहायचा. मुलीने संबळ वाजवलेला चालतो का, असं कोणीतरी भुजंगबुवांना विचारलं. ते म्हणाले, "हात चांगला हाय पोरीचा. बाकीचं देवीला इचारा. ती बी बाईच हाय."

गोंधळाची एक रीत आहे. सुरुवातीला सगळ्या देवांना त्यांच्या गावाचं नाव घेऊन हाक मारायची. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, औंढ्याचा नागनाथ, परळीचा वैजनाथ, या सगळ्यांनी गोंधळाला यावं. कोणालाही वगळायचं नाही. भुजंगबुवांनी ही यादी भक्तीकडून घोकून घेतली आणि बजावलं, की देव एकवेळ उशिरा आला तर चालतो, पण बोलावणं राहिलं तर रुसतो.

देवांच्या यादीवर एवढी मेहनत झाली. माणसांच्या यादीवर झाली नाही.

उद्घाटनाचा बॅनर मुंजाजीनेच छापला. दहा फूट बाय सहा फूट. त्यावर तेवीस नावं होती आणि सतरा फोटो. छापणारा तोच असल्यामुळे मुंजाजीचा फोटो देवीपेक्षा थोडा मोठा होता. फक्त एक नाव नव्हतं. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बजरंगआबा. ज्यांच्या सहीशिवाय वर्ग मिळणार नव्हता तेच. झालं असं, की हे नाव इतकं महत्त्वाचं होतं की ते दुसऱ्याने घातलंच असणार, असं प्रत्येकाला वाटलं. रेणुकाला वाटलं मॅडमनी घातलं. मॅडमना वाटलं चंद्रप्पांनी सांगितलं. मुंजाजीला काही वाटलं नाही. तो स्वतःचा फोटो मोठा करत होता.

(गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. बजरंगआबा अजून तिथेच राहतात आणि मलाही तिथेच राहायचं आहे.)

शनिवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. गाव आलं. बजरंगआबा पण आले, पण फाटकापर्यंतच. त्यांनी बॅनर वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला, आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन शाळेकडे पाठ करून बसले. पाठ नीट दिसावी म्हणून त्यांनी खुर्ची दोनदा हलवली.

रेणुका धावत गेली. चूक झाली, माफ करा, चला, असं तिने हात जोडून सांगितलं.

आबा शांतपणे म्हणाले, "बोलावल्याबिगर यायला मी काय अवकाळी हाय का?"

ती म्हणाली, आता बोलावतेय ना. त्यावर आबा म्हणाले की पंगत उठल्यावर पाट मांडत नसतात, आणि त्यांनी चहा बशीत ओतला. रेणुका परत आली तेव्हा मुख्याध्यापकांनी तिला नियम सांगितला. त्यांची स्वतःची काही हरकत नव्हती. होकारही नव्हता. दोन्ही आबांकडे असायचं. आज साडेदहाला शाळा सुटायच्या आत ठरावावर आबांची सही झाली तर वर्ग मिळेल. नाहीतर समितीची पुढची बैठक थेट जूनमध्ये.

जूनपर्यंत बेसिनवर किती लोकांनी हात धुतले असते, याचा मी अंदाज केला आणि माझी दोरी ढिली पडली.

आणि आता खरं संकट ऐका. कार्यक्रमाची सुरुवात वाद्यपूजनाने होणार होती. हा मान चंद्रप्पांना दिला होता. माणूस फार भाविक. रोज पहाटे महादेवाची पूजा केल्याशिवाय दुकानाचं शटर वर करत नाहीत. त्यांना कोणीतरी नुसतं सांगितलं होतं, की आप्पा, संबळाची पूजा तुमच्याकडे. पूजा म्हटल्यावर त्यांना जी येत होती ती त्यांनी केली. माझ्या दोन्ही तोंडांवर विभूतीचे पट्टे ओढले. बेलाचं पान ठेवलं. नारळ फोडून त्याचं पाणी थोरल्यावर ओतलं. मग डोळे मिटले आणि तांब्याभर पाण्याची धार दोघांवर सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत सोडली.

एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. फेटा धरूनसुद्धा नाही. पण मित्रांनो, माझं तोंड चामड्याचं आहे. अर्पिताने काडी मारली तेव्हा माझ्यातून जो आवाज आला तो ओल्या गोणपाटावर बेडूक पडल्यासारखा होता.

भुजंगबुवांनी कपाळाला हात लावला नाही. जुन्या माणसांना तेवढा वेळ नसतो. ते एवढंच म्हणाले, "चुलीवर न्या." आणि स्वतः तुणतुणं घेऊन भक्तीच्या मागे उभे राहिले. तिला सांगितलं, की संबळ येईपर्यंत देवांना हाका मारत राहा, थांबू नको.

सुलाबाईंनी मला पदरात धरून स्वयंपाकाच्या खोलीत आणलं. गॅस आला तरी त्यांची खिचडी अजून चुलीवरच असते. त्यांनी पातेलं उतरवलं, जाळ मागे ओढला आणि मला निखाऱ्यांच्या आरावर धरलं. फार जवळ धरलं तर चामडं फाटतं, फार लांब धरलं तर जूनपर्यंत वाळत नाही. चंद्रप्पा अपराध्यासारखे मागे उभे होते. म्हणाले, "सुलाबाई, मी रोज महादेवाला पानी घालतो. त्याचा आवाज कधी बसला न्हाई."

"महादेव दगडाचा हाय आप्पा," सुलाबाई मला फिरवत म्हणाल्या. "ह्ये बकऱ्याचं हाय."

 आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते चुलीला वारा घालायला लागले.

बाहेर भक्तीचे देव भराभर संपत होते. तुळजापूर झालं, माहूर झालं, औंढा आणि परळी झाली. पाच मिनिटांत यादी आटोपली आणि मी अजून एका बाजूने ओला. भुजंगबुवांनी तुणतुण्याला जोर लावला आणि मानेने खुणावलं, पुढे चल. भक्ती पुढे चालली. आता ती पूर्णा ते परभणी रस्त्यावर प्रत्येक फाट्याला थांबत निघाली. ताडकळसचा मारुती, गोंधळाला या. पेडगावचा म्हसोबा, गोंधळाला या. वेशीजवळचे पीरसाहेब, तुम्हीपण या. देव पुन्हा संपले. मग तिने शाळेकडे मोर्चा वळवला. सहावीच्या वर्गाच्या धम्मशीला मॅडम, गोंधळाला या. ऑफिसातले मुख्याध्यापक, गोंधळाला या. मुख्याध्यापक दचकून उभे राहिले आणि काय करावं हे न कळून पुढच्या सतरंजीवर जाऊन बसले.

इथे एक गंमत झाली. ज्याचं नाव घेतलं तो उठून पुढे बसायला लागला. मग ज्यांचं घेतलं नव्हतं त्यांना मागे करमेना. चन्नबसम्मांनी हात वर केला. वरच्या आळीच्या चन्नबसम्मा, गोंधळाला या. एका आजोबांनी आमच्या वस्तीचं नाव घे म्हणून काठी हलवली. तेही घेतलं. मुंजाजीने न विचारता स्वतःचं नाव ओरडून सांगितलं. भक्ती म्हणाली, "झेरॉक्सवाले मुंजाजी, तुम्ही बॅनरवर हायत, तिथंच राहा." पटांगण हसलं. तुणतुणंही एकदा चुकलं.

मी चुलीवरून हे सगळं ऐकत होतो. सुलाबाई मला पंधरा पंधरा मोजून इकडून तिकडे फिरवत होत्या. भाकरी कधी उलटायची हे ज्या हाताला कळतं, त्याला चामड्याचं वेगळं शिकवावं लागत नाही. पण वेळ जात होता. शाळा सुटायला पंचवीस मिनिटं राहिली होती. भक्तीचे देव संपले होते, मास्तर संपले होते, गाव संपलं होतं. सतरंजीचा मागचा भाग रिकामा आणि पुढे माणसांवर माणसं. सगळ्या गावात बोलावणं न गेलेला एकच माणूस उरला होता, आणि त्याची पाठ रस्त्यापलीकडे दिसत होती.

रेणुका पायरीवर उभी होती. तिने भक्तीला खुणावलं नाही. तेवढं धाडस तिच्यात उरलं नव्हतं. पण पोरीला नाव हवं होतं आणि समोर पाठ होती. तिने श्वास घेतला, माइक तोंडाजवळ धरला आणि तुळजापूरला मारली होती त्याच सुरात हाक मारली.

"टपरीवरचे बजरंगआबा, गोंधळाला या."

पाठ हलली नाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारली. बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. तिसऱ्या हाकेला आबा उठले, रस्ता ओलांडला आणि फाटकात थांबले. सगळं पटांगण वळून बघत होतं. आबांनी धोतराचा सोगा सारखा केला आणि भक्तीला विचारलं,

"मला देवाच्या यादीत बोलावलं का बॅनरच्या?"

भक्ती माइकवरच म्हणाली, "देवाच्या, आबा. बॅनर भरलाय."

आबांनी एकदा बॅनरकडे बघितलं. मग त्यांनी फाटकाबाहेर चपला काढल्या, जणू देवळातच आले होते, आणि आत येऊन मुख्याध्यापकांना थोडं सरकायला सांगितलं.

तोवर सुलाबाईंनी माझ्यावर टिचकी मारून बघितलं होतं. पहिल्या टिचकीला मी कण्हलो. दुसरीला खाकरलो. तिसरीला धाकटा टण्णकन वाजला, तशा त्या मला पदरात गुंडाळून धावल्या. मागे चंद्रप्पा, उघड्या डोक्याने. अर्पिताने मला बांधलं, महांतेशने दप्तर धरलं, आणि काडी पडली.

मित्रांनो, अकरा चामडी झाली, पण असा आवाज मला कधी आला नव्हता. बहुतेक खिचडीचा धूर लागला असेल. थोरला असा घुमला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उठली आणि धाकट्याने त्यांना परत बसू दिलं नाही. अर्पिता दोनदा चुकली. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन्ही वेळा मी सावरून घेतलं. चंद्रप्पा जिथे उभे होते तिथेच मटकन खाली बसले आणि त्यांनी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून मला नमस्कार केला. भुजंगबुवांनी तुणतुणं थांबवलं. त्यांना ऐकायचं होतं.

साडेदहाला पाच कमी असताना ठरावाचं रजिस्टर आबांसमोर आलं. ते त्यांनी माझ्या थोरल्या तोंडावर टेकवून सही करायला घेतली, तेव्हा सुलाबाईंनी ते उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं की आबा, आत्ताच वाळवून आणलाय. आबांनी मांडीवर सही केली. मग रेणुकाकडे बघून म्हणाले, की दर शनिवारी ती यादी म्हणणार असाल तर माझं नाव परळीच्या जवळपास कुठंतरी ठेवा, फार मागं नको. रेणुका हो म्हणाली, आणि शाळेच्या नळाखाली तोंड धुवायला गेली. ती तिथे बराच वेळ तोंड धूत होती. परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि ती हसत होती.

सोमवारी हॉटेलवाला आला. भुजंगबुवांनी त्याला माळ्यावरचा कूलर दाखवला. त्याने तोच नेला. बेसिनवर छान दिसतो म्हणतात.

आता मी शाळेत राहतो. विज्ञानाच्या कपाटात पृथ्वीचा गोल आणि पोरं ज्याचे दात मोजतात तो सांगाडा यांच्या मध्ये माझी जागा आहे. दर शनिवारी सव्वीस पोरं मला आळीपाळीने वाजवतात, आणि त्यातली चोवीस चुकीचं वाजवतात. मला वाटलं नव्हतं की चुकीचं वाजण्यात एवढं सुख असतं. दर वेळी थोडं कमी चुकतं. भुजंगबुवा खांद्याला शाल गुंडाळून दाराशी बसतात आणि चूक झाली की फक्त खोकतात. पहिल्या शनिवारी त्यांना खोकल्याचं औषध द्यावं का, असं मॅडम विचारत होत्या. हल्ली कोणी विचारत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माळ्यावर, कोठीत किंवा देव्हाऱ्यामागे माझं एखादं भावंड पडलं असेल. दिमडी असेल, हलगी असेल, तुणतुणं असेल. त्याला खाली काढा. धूळ कोरड्या फडक्याने पुसा. पूजा करायची तर वर्षातून एकदा करा, हळद-कुंकवाचं एक एक बोट लावा, आणि पाण्याचा तांब्या लांब ठेवा. बाकीचे दिवस वाजवा. येत नसेल तर चुकीचं वाजवा. आम्ही कौतुकाने खराब होतो आणि नुसतं ठेवून दिलं तरी खराब होतो. मार खाऊन मात्र आजवर एकही संबळ खराब झालेला मी ऐकला नाही.

आज शनिवार. बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली. कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये आहे की मुख्याध्यापकांच्या खिशात, यावर वाद चालू आहे, आणि दाराबाहेर सव्वीस जोड्या चपला निघाल्याचा आवाज येतो आहे. शोधू द्या सावकाश. मला कुठे जायचं नाही.